पिशवीचा खाडा

धारूरच्या डोंगरातली सीताफळं संपत आली की ऊसतोडीच्या टोळ्या भरू लागतात. बालाघाटाच्या खडकाळ रानात दिवाळीनंतर काम ते किती असणार? मुकादमाची उचल तर कधीच घरात येऊन खर्चून गेलेली. मग एकेक कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात निघतो. हिशेबात बाई वेगळी नसतेच, ती अर्धा कोयता.

ती आजारी पडली की मात्र हिशेब चोख. एक दिवस कोपीत पडून राहिली की खाडा, पाचशे रुपये उचलीवर चढले. फडात संडास नाही, पाळीचा कपडा धुवायला पाणी नाही. रात्री-अपरात्री ट्रक आला की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचं. अंगावरून जातंय, ओटीपोट दुखतंय म्हणून दवाखाना गाठला, तर ‘पिशवी खराब झालीय, पुढं कॅन्सर होईल’ हे ऐकून परत आलेल्या बाया कमी नाहीत. पोरं झालेली असतात. गर्भपिशवी काढली की पाळीचे खाडेही वाचतील, असं घरातही जुळवलं जातं. आणि ऑपरेशनचे पैसे? पुष्कळदा तेही मुकादमाकडूनच.

2019 साली यावरून विधिमंडळात गदारोळ झाला, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. सहातली एक! आपण मात्र डॉक्टर किती लबाड, यावरच बोलत बसलो. (लबाड होतेच काही.) ऑपरेशनवर सरकारी देखरेख आली, ते बरंच झालं. पण ती दवाखान्याच्या दारापर्यंत; फडात कोण बघतंय?

खाड्याचे पैसे पुढच्या हंगामात फिटतील, काढलेली पिशवी परत बसत नाही. सोबत बीजकोशही गेले असतील तर तिशीतच अंगाची आग, उडालेली झोप, ठिसूळ होत जाणारी हाडं. त्याच हाडांवर पुन्हा मोळी, कारण ऑपरेशनची उचल फेडायचीय.

मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे, असं साखर कारखाने सांगतात. मग तोडणीच्या दराची बोलणी संघटनांशी कोण करतं? जानेवारी 2024 मध्ये दर 34 टक्क्यांनी वाढला, तो याच टेबलावर. पुढच्या बैठकीत दराच्या आधी खाडा घ्या: आजारपणाचा आणि पाळीचा खाडा बंद, फडाजवळच्या पाण्याचा नि संडासाचा खर्च कारखान्याकडे.