वणव्याला धावा, माणसाला मरू द्या?

ऐन पावसाळ्यात आपल्या भागातल्या एका पाड्यावर एका गड्याला रात्री मण्यार चावली. सहा जणांनी त्याला झोळीत घातले आणि चिखल तुडवत, नाला ओलांडत डांबरी रस्त्याला आणले. तिथे एक जीप उभी होती. जीपवाला म्हणाला, "वाटेत मेला तर पोलीस माझ्या मागे लागतील." झोळी तशीच खांद्यावरून पुढे गेली. सरकारी दवाखान्याला कुलूप. डॉक्टर तालुक्याला, चावी शिपायाकडे, शिपाई गावाला. उजाडायच्या आत गडी गेला.

पुढे बैठक बसली तेव्हा त्याच्या म्हाताऱ्या आईने विचारले, "माझ्या पोराला कोणी मारला नाही, पण कोणी वाचवला बी नाही. याचा गुन्हा कोणावर?" बैठकीत कोणालाच नीट उत्तर देता आले नाही. म्हणून या अंकात त्यावरच लिहीत आहोत.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. फ्रान्स देशात असा कायदा आहे की, स्वतःच्या जिवाला धोका नसताना संकटातल्या माणसाला मदत केली नाही तर तुरुंग. आपल्याकडे तसा कायदा नाही. आपला २०२४ पर्यंतचा पीनल कोड इंग्रजांचा. १८३७ साली मेकॉलेसाहेबाच्या कमिशनने त्याचा मसुदा केला, तेव्हाच त्यांनी लिहून ठेवले: जेलरने कैद्याला जाणूनबुजून जेवण दिले नाही आणि तो मेला, तर जेलर खुनी. पण भिकाऱ्याला कोणी घास दिला नाही आणि तो मेला, तर तो खून नाही. म्हणजे कायद्याने ज्याच्यावर जबाबदारी टाकली, त्याने ती टाळली तरच गुन्हा. म्हणून जीपवाल्यावर केस होत नाही. त्याच्याच जीपने त्या गड्याला उडवले असते, तर मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे त्याला दवाखान्यात नेणे जीपवाल्याला भाग होते.

मग कायद्याने जबाबदारी टाकली कोणावर? साथींनो, ती आपल्यावर टाकली आहे! १९२७ चा जंगल कायदा, कलम ७९ वाचा. जो जंगलात हक्क वापरतो, गुरे चारतो, परवानगीने लाकूडफाटा आणतो, त्याने वणवा दिसताच, कोणी सांगो वा न सांगो, विझवायला धावले पाहिजे. जंगलातल्या गुन्ह्याची खबर दिली पाहिजे. गार्डने मदत मागितली तर दिली पाहिजे, गुन्हेगार पकडून द्यायलासुद्धा. नाही केले तर एक महिन्यापर्यंत कैद किंवा दंड. आणि का जमले नाही, ते सिद्ध करायचे आपणच. आपलाच भाऊ आपल्याच प्लॉटात नांगर धरतो, तर जंगल कायद्याने तो गुन्हेगार. आणि त्याला पकडायला हात लावला नाही, तर आपणही गुन्हेगार!

गेल्या उन्हाळ्यात त्याच पाड्यातल्या चौघांना फॉरेस्टवाल्यांनी दिवसभर बसवून ठेवले होते. वणवा विझवायला का आला नाहीत, म्हणून. त्या चौघांत हा गडीही होता. सागाला वाचवले नाही म्हणून त्याला दम दिला. त्याला वाचवले नाही म्हणून कोणाला कोणी साधे विचारलेही नाही.

आता डॉक्टर. त्याच्यावर जबाबदारी आहे. १९८९ साली परमानंद कटारा यांच्या अर्जावर सुप्रीम कोर्टाने सांगितले की, डॉक्टर सरकारी असो की खाजगी, जखमी माणूस आला की आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे कागद नंतर. १९९६ साली मे महिन्यात दुसरा निकाल लागला. तो मागितला पश्चिम बंगालच्या खेत मजदूर समितीने, म्हणजे आपल्यासारख्याच लोकांच्या संघटनेने. त्यांचा एक सभासद १९९२ साली रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी त्याला परत पाठवले. खाट रिकामी नाही म्हणाले. शेवटी खाजगीत पैसे भरून तो वाचला. कोर्टाने सांगितले की वेळेवर उपचार न देणे म्हणजे जगण्याचा हक्क मोडणे, आणि सरकारने पैसा नाही असे सांगून सुटायचे नाही. २५ हजार रुपये भरपाई दिली. पण ती भरपाई आहे. कुलूप लावून जाणाऱ्याला तुरुंग नाही.

तुरुंग आहे तो दुसऱ्या एका ठिकाणी. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, कलम ४. आदिवासी किंवा दलित नसलेल्या सरकारी नोकराने या कायद्याखालचे आपले काम जाणूनबुजून टाळले, तर कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त एक वर्ष कैद. जमिनीवरून हुसकल्याची तक्रार घेऊन गेल्यावर "उद्या या" म्हणणाऱ्याला हे कलम लागू शकते. ते पाठ करून ठेवा.

काही साथी म्हणतात, मदत न करणाऱ्या प्रत्येकाला शिक्षा होईल असा कायदा मागू या. आम्हाला ते पटत नाही. तो कायदा पोलिसांच्या हातात जाणार. मग झोळी उचलायला सहा जण आले, सातवा का आला नाही म्हणून सातव्यालाच धरतील. कलम ७९ चा अनुभव आपल्याला पुरे आहे. आमची मागणी वेगळी आहे. ज्याच्या हातात पगार, चावी आणि शिक्का आहे, त्याने माणसाला मरू दिले तर त्याला शिक्षा व्हावी.

पण मग आपले काय? हेही बोलले पाहिजे. एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारतात, तेव्हा अख्खा पाडा दारे लावून घेतो. मारणारे चार असतात, ऐकणारे चाळीस. वाचवायला धावले नाहीत म्हणून त्या चाळिसांवर कोणते कलम लागत नाही. पण घर उभारायला न बोलावता येणारा पाडा तिच्या किंकाळीला का येत नाही? यासाठी सरकारचा कायदा नको, आपल्या बैठकीचा ठराव पाहिजे.

म्हणून प्रत्येक पाड्याने हे करावे. दवाखाना बंद दिसला तर तारीख, वेळ लिहून पाच जणांनी सही-अंगठे करावेत आणि अर्ज जिल्ह्याला पाठवावा, एक प्रत संघटनेकडे द्यावी. फौजदार तक्रार घेत नसेल तर ती लिहून पोस्टाने जिल्ह्याच्या पोलीस सुपरिंटेंडेंटकडे पाठवावी. तसा हक्क फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात आहे. आणि बाईवर हात उठला तर सगळ्यांनी बाहेर यायचे, हा ठराव पुढच्या बैठकीत घ्यावा.

त्या म्हाताऱ्या आईला आम्ही एवढेच सांगू शकतो की, आई, गुन्हा झाला आहे. तो अजून कोणी लिहून घेतलेला नाही. तो लिहायला लावणे हे आपल्या सगळ्यांचे काम आहे.

जिंदाबाद!