डेडलाइन नव्हे, बीपी!

३२वा आठवडा. रुटीन चेकअपला गेले आणि थेट अ‍ॅडमिट! बीपी १६०/११०, लघवीत प्रोटीन. निदान: प्रीएक्लॅम्प्सिया.

झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट, बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं. आईने लॅपटॉप काढून घेतला. मी बाळाच्या लाथा मोजत पडले. जाम टरकले होते. यावर खरा उपाय एकच, डिलिव्हरी. पण पोटातला एकेक दिवस बाळाला हवा होता. १२ दिवस मिळाले, मग सिझेरियन. चिमुकली थोडे दिवस एनआयसीयूत राहिली, पण आम्ही दोघी सुखरूप.

मैत्रिणींनो, विसाव्या आठवड्यानंतर डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, बरगड्यांखाली दुखतंय, चेहरा अचानक सुजलाय? ‘स्क्रीनमुळे असेल’ म्हणत मीटिंगला बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. प्रेझेंटेशन काय, कलीगही देईल!