नदीचा भूगोल कोणाचा?

शाळेत मास्तरांनी शिकवलं : मोठ्या नदीला मिळते ती उपनदी. संपला धडा. तिच्या काठावर कोण राबतं, कोणाला वरचं पाणी अन् कोणाला खालचं, हे पुस्तकात नव्हतं. परीक्षेतही नव्हतं.

खांदा कॉलनीतल्या मित्रांनो, खांदेश्वरहून पनवेलकडं गाडी निघाली की पुलाखाली गाढी लागते. माथेरानच्या डोंगरात उगम, देहरंगच्या धरणात अडते, नेरे-विचुंब्याच्या भातखाचरांकडून उतरते. पनवेलजवळ काळुंद्रे येऊन मिळते आणि पाणी खाडीत जातं. एवढ्याशा नदीवर भात पिकला. लावणीला वाकलेल्या किती पाठींची नावं सातबाऱ्यावर चढली?

१९७० साली सिडको आली. ९५ गावांची जमीन नव्या शहराला जुंपली. शेतकरी उठला. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर उरण भागात गोळ्या चालल्या, पाच शेतकरी पडले. त्या रक्तातून साडेबारा टक्क्यांचा हक्क आला. त्या हुतात्म्यांना आमचा सलाम, त्यात कसर नाही. पण हिशेब विचारणारच. साडेबारा टक्के कशाचे? घेतलेल्या जमिनीचे. मग दुसऱ्याच्या खाचरात राबलेली मजूर बाई? नदीत मासे धरणारा कातकरी? शून्याचे साडेबारा टक्के किती, हे सांगायला बी. ए. व्हावं लागत नाही.

आज नकाशा पुन्हा बदललाय. शेजारची उलवे नदी वळवली, टेकडी फोडली, ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. कागदावर नदी वळते हो! पण डोंगरात पाऊस अन् खाडीला भरती एकदम आली की पाणी कागद वाचत नाही. आधी शिरतं ते पात्राला चिकटलेल्या झोपडीत. अन् अतिक्रमणाची नोटीसही त्याच झोपडीला.

याच जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचललं. ते तहान लागली म्हणून नव्हे. पाणी कोणाचं, हा सवाल होता. तो सवाल गाढीच्या काठावर अजून ओला आहे.

तेव्हा कविता नंतर. आधी धरणापासून खाडीपर्यंत चाला. वस्ती-वस्तीत म्हाताऱ्यांना विचारा : पाणवठा कुठं होता, मसणवटा कुठं, जमीन कसली कोणी, कागद मिळाला कोणाला? सगळं लिहून काढा. तीच आपली मोजणी. मागण्यांचा कागद तिच्यावरून लिहू.

जय भीम!