निसर्गाचे मुखत्यारपत्र

दिवस भरून गेले तरी जिच्या कळा आपणहून सुरू झाल्या नाहीत अशा स्त्रीला औषध देऊन त्या आणविणे म्हणजे निसर्गाच्या राज्यावर घातलेला दरोडा होय, आणि तो दरोडा डॉक्टरांच्या रविवारच्या सुटीखातर व इस्पितळांच्या गल्ल्याखातर घातला जातो, असा सिद्धान्त एका बहुश्रुत गृहस्थांनी अलीकडे इतक्या आवेशाने प्रतिपादन केला आहे की, त्यामुळे अनेक गर्भवती, आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांच्या आया व सासवा, चिंताक्रान्त झाल्या आहेत. गृहस्थांची कैफियत थोडक्यात अशी: आपल्या आज्यापणज्यांना कोणी सलाईन लावले नव्हते, तरीही त्या दहा-दहा वेळा बाळंत झाल्या, जे औषध गोठ्यात म्हशीने पान्हा सोडावा म्हणून टोचतात तेच बायकांना देतात, आणलेल्या कळा उपजत कळांहून दुःसह असतात, आणि अखेरीस हा सारा खटाटोप पोट फाडण्यातच परिणत होतो, तेव्हा धीर धरावा, बाळाला आपली वेळ कळते. निसर्गाने आपले मुखत्यारपत्र या गृहस्थांच्या नावे केव्हा आणि कोणत्या दुय्यम निबंधकासमोर करून दिले याचा तपशील त्यांनी दिलेला नाही. तरी तूर्त ते दस्त खरे मानून त्यांच्या मुद्द्यांची छाननी करू.

आज्यापणज्यांचा दाखला देणाऱ्यांना त्या बायका काय करीत असत याची फारशी माहिती नसते. दिवस वर गेले की हात जोडून स्वस्थ बसण्याइतक्या त्या निसर्गभक्त मुळीच नव्हत्या. एरंडेल पाजावे, काढे द्यावेत, चालावयास लावावे, हे सर्व उपाय कळा आणण्याचेच होते. त्याहून मागे जावयाचे तर चरकसंहितेचे शारीरस्थान उघडावे. प्रसूती लांबलेल्या स्त्रीच्या हाती मुसळ देऊन तिला धान्य कांडावयास लावावे, असे सांगणाऱ्या एका पक्षाचा तेथे निर्देश आहे. गर्भिणीला दारुण व्यायाम सदैव वर्ज्य, आणि प्रसूतिकाळी तर विशेषच वर्ज्य, असे म्हणून आत्रेय त्या मताचे खंडन करतात. परंतु मुसळ काढून घेतल्यावर ते निसर्गावर हवाला टाकून निघून जात नाहीत. कुष्ठ, एला, वचा, चित्रक इत्यादींचे चूर्ण हुंगावयास द्यावे, असे ते पुढे सांगतात. त्या चूर्णाने कार्यभाग साधत असे की नाही हा प्रश्न येथे नाही. हस्तक्षेप करावा की करू नये असा वाद त्या काळीही कोणी घातला नव्हता. वाद होता तो कोणता करावा याविषयी. शिवाय दहा वेळा सुखरूप बाळंत झालेल्या आजीची साक्ष आपणांस मिळते, ती आजी होण्याइतकी जगली म्हणून. पहिल्याच खेपेस अडून जी गेली ती कोणाची आजी झालीच नाही, आणि तिची जबानी कोठेही नोंदलेली नाही. २०१८ ते २०२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण भारतात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ इतके खाली आले होते; ते धीर धरल्यामुळे आले असे म्हणावयाचे धाडस गृहस्थांनीही केलेले नाही.

म्हशीचा मुद्दा ऐकून मला प्रथम हसू आले आणि मग थोडी कीव आली. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते हे हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये मांजरीवरील प्रयोगात पाहिले; त्या अर्कातील ऑक्सिटोसिन हे द्रव्य नऊ अमिनो आम्लांचे आहे हे पुढे सिद्ध झाले, आणि व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले, त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्त्रीच्या, गाईच्या आणि म्हशीच्या शरीरात निर्माण होणारे हे द्रव्य एकच आहे. म्हणजे गृहस्थांच्या मातोश्रींना ज्या नैसर्गिक कळांनी गृहस्थ लाभले त्या कळाही म्हशीच्याच औषधाच्या होत्या. गोठ्यातील गैरवापर थांबविण्यासाठी २०१८ मध्ये या औषधाच्या खासगी उत्पादनावर सरकारने बंदी घातली आणि त्याच वर्षाअखेर न्यायालयाने ती रद्द केली, ही हकीकत गृहस्थ अर्धीच सांगतात. आक्षेप घ्यावयाचाच होता तर खरी जागा दुसरीकडे होती. हेच औषध मूल जन्मल्यावर दहा युनिट मांडीत टोचले तर रक्तस्राव आवरून बाईचा जीव वाचतो. तेच मूल जन्मण्यापूर्वी कोणा अर्धशिक्षिताने घरी येऊन दंडात टोचले तर गर्भाशय फाटू शकते, कारण टोचलेले औषध परत काढून घेता येत नाही. सलाईनमधून थेंबाथेंबाने दिलेल्या औषधाचा अंमल नळी बंद करताच काही मिनिटांत ओसरू लागतो. मात्रा, मार्ग आणि वेळ यांचा हा भेद ज्याला दिसत नाही त्याने औषधशास्त्रावर न बोललेले बरे.

कळा अधिक दुःसह असतात हे म्हणणे बहुतेक बायकांच्या अनुभवास धरून आहे. म्हणून वेदनाशमनाची सोय आधी विचारून ठेवावी. यापलीकडे त्या मुद्द्यात काही नाही.

आता निसर्गाविषयी. वाट पाहणे म्हणजे काहीच न करणे, आणि काहीच न करण्याला दोष लागत नाही, ही समजूत मोठ्या मोठ्या माणसांना बाधलेली आहे. १८१७ मध्ये इंग्लंडच्या गादीची वारस असलेली एक राजकन्या दिवस उलटून गेल्यावर अडली. त्या काळच्या प्रतिष्ठित वैद्यांत निसर्गाच्या कामात हात न घालण्याचे तत्त्व प्रचलित होते, आणि तिच्या वैद्याने ते तत्त्व शेवटपर्यंत पाळले. सुमारे पन्नास तासांच्या वेणांनंतर मृत पुत्र जन्मला व काही तासांतच माताही गेली. त्या वैद्याने पुढल्या वर्षी स्वतःस गोळी घालून घेतली. वारस उरला नाही म्हणून राजपुत्रांची लगबगीने लग्ने लागली, आणि त्यांपैकी एका लग्नातून जी कन्या झाली तिच्याच नावे १८५८ चा जाहीरनामा आपल्या देशात वाचला गेला. तिने स्वतः १८५३ मध्ये बाळंतपणात क्लोरोफॉर्म हुंगला, तेव्हा प्रसूतिवेदना या ईश्वरी आज्ञेने ठरलेल्या आहेत असे म्हणणारे पाद्री व वैद्य हळूहळू गप्प झाले. आपल्याकडेही या वादाच्या फेऱ्या होऊन गेल्या आहेत: इस्पितळात बाळंत होणे कुलीन बाईला शोभते काय, पुरुष डॉक्टराने नाडी तरी पाहावी काय, यांवर रकानेच्या रकाने खर्ची पडले. ज्यांनी ते लिहिले त्यांच्या नाती-पणत्या इस्पितळातच जन्मल्या, आणि त्याविषयी कोणी खुलासा मागितला नाही.

परंतु गृहस्थांचा बिनीचा मुद्दा सिझेरियनचा आहे, आणि माझे खरे भांडणही तेथेच आहे. ते म्हणतात, आपणहून कळा आलेल्या शंभर बायका घ्या व औषधाने कळा आणलेल्या शंभर घ्या. दुसऱ्या शंभरांत सिझेरियन अधिक. म्हणून औषध हे सिझेरियनचे कारण. हा युक्तिवाद इतका सुटसुटीत आहे की पुष्कळ सुशिक्षितांनी, आणि काही काळ काही डॉक्टरांनीही, तो बेलाशक ग्राह्य धरला. त्यात दोन छिद्रे आहेत. पहिले असे की, कळा आणाव्या लागतात त्या बहुधा ज्यांचे काही बिघडलेले असते त्यांच्या: कोणाचा रक्तदाब चढलेला, कोणाला मधुमेह, कोणाच्या बाळाची वाढ खुंटलेली, कोणाची पाणमोट कळांवाचून फुटलेली. अशा बायकांची धडधाकटांशी तुलना करून औषधाला आरोपी ठरविणे हा न्याय नव्हे. दुसरे छिद्र याहून खोल आहे, आणि ते बुजविण्यासारखे नाही. ज्या सकाळी डॉक्टर म्हणतात की आता कळा आणू या, त्या सकाळी त्या बाईसमोर आपणहून आलेल्या कळा हा पर्यायच नसतो. असता तर प्रश्नच उद्भवला नसता. तिच्यासमोर पर्याय दोनच असतात, आज कळा आणविणे किंवा आणखी थांबणे. थांबणाऱ्यांपैकी काहींना उद्या कळा येतील, काहींचा रक्तदाब परवा चढेल, काहींना आठवड्याने औषधच घ्यावे लागेल, आणि काहींच्या बाळाचे ठोके मंदावल्याने मध्यरात्री धावपळ होईल. या सर्वांची गोळाबेरीज म्हणजे थांबण्याचा परिणाम. गृहस्थ मात्र थांबणाऱ्यांतून भाग्यवान तेवढ्या वेचून घेतात. एसटीच्या थांब्यावर ताटकळणाऱ्याला, गाडीत खिडकीशी बसलेल्याकडे बोट दाखवून, बघ, तो खासगी जीप न करता कसा सुखाने निघाला, असे सांगण्यासारखे हे आहे.

योग्य तुलना करावयाची तर चिठ्ठ्या टाकून बायकांचे दोन गट पाडले पाहिजेत, एकाला औषध व दुसऱ्याला प्रतीक्षा. असे प्रयोग झालेले आहेत. अमेरिकेतील ४१ इस्पितळांतील, पहिलटकरीण व अन्यथा निरोगी अशा ६,१०६ स्त्रियांवरील प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला: ३९ व्या आठवड्यात कळा आणविलेल्या गटात सिझेरियनचे प्रमाण शेकडा १८.६ आणि थांबलेल्या गटात २२.२ निघाले. म्हणजे गृहस्थांच्या सिद्धान्ताच्या नेमके उलट. बाळांच्या प्रकृतीत मात्र दोन गटांत खात्रीने सांगता येईल असा फरक दिसला नाही, हेही नमूद केले पाहिजे. पुढल्या वर्षी स्वीडनमधील प्रयोगाचे निष्कर्ष आले. त्यात ४१ आठवडे पुरे होताच कळा आणविणे आणि ४२ पर्यंत थांबणे यांची तुलना होती. थांबलेल्या गटात सहा बाळे दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि तो प्रयोग मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. बाळाला आपली वेळ कळते, हे वाक्य त्या सहा घरी जाऊन उच्चारता येईल काय, याचा गृहस्थांनी एकदा विचार करावा. अमेरिकेतील आकडे उचलून तालुक्याच्या गावी जसेच्या तसे लागू करावेत असे माझे म्हणणे नाही. जागतिक आरोग्य संघटनाही ४१ आठवडे निश्चितपणे पुरे झाल्यावर कळा आणविण्याची शिफारस करते, त्याआधी विनाकारण करीत नाही. पण निदान आकडे उलटे वाचू नयेत.

इस्पितळांच्या गल्ल्याविषयी गृहस्थांशी माझा मतभेद नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सरकारी संस्थांमधील प्रसूतींत सिझेरियन शेकडा १४.३ आणि खासगी संस्थांत ४७.४ आढळले, ही तफावत बायकांच्या हाडापेराने स्पष्ट होणारी नाही. मुहूर्त साधण्यासाठी कळा आणविण्याचा आग्रह धरणारे आजोबाही आहेत, आणि तो पुरविणारे डॉक्टरही. पण यातील दोष घाईचा व लोभाचा आहे, औषधाचा नाही.

मग बाईने काय अपेक्षावे? प्रथम तारीख. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवून ती काढतात, घरची नऊ महिने नऊ दिवसांची मोजणीही तिच्याहून फार दूर नाही. पण त्याच तारखेला शंभरांतील चार-पाचच बाळे जन्मतात, आणि तारखेविषयी शंका असल्यास पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी अखेरच्या सोनोग्राफीहून अधिक विश्वसनीय असते. मग पिशवीच्या तोंडाची तपासणी. ते किती उघडले, किती पातळ झाले, किती मऊ आहे, कोठे वळले आहे व बाळाचे डोके किती उतरले, या पाच गोष्टींना गुण देण्याची बिशप यांची पद्धत १९६४ पासून चालत आलेली आहे. सहा किंवा त्याहून कमी गुण पडल्यास तोंड तयार करण्यासाठी आत जेल ठेवतात, किंवा मिसोप्रोस्टॉलची २५ मायक्रोग्रॅमची गोळी देतात, किंवा नळीचा फुगा आत सरकवून त्यात पाणी भरतात. पूर्वी सिझेरियन झालेले असेल तर ती गोळी टाळतात, म्हणून ही गोष्ट बाईने न विचारता सांगावी. यानंतर पाणमोट फोडणे व सलाईनमधून ऑक्सिटोसिन. मात्रा दर अर्ध्या तासाने चढवितात, दहा मिनिटांत तीन-चार कळा येऊ लागल्या की थांबवितात, पाचांहून अधिक येऊ लागल्या तर कमी वा बंद करतात, आणि या सर्व काळात बाळाचे ठोके पाहत राहणे अनिवार्य असते.

पहिलटकरणीला या क्रमास एक दिवस पुरेलच असे नाही, दोन दिवसही लागतात. हे तिला कोणी आधी सांगत नाही. सकाळी सलाईन लावले की संध्याकाळी पेढे, अशी तिच्या नातेवाइकांची कल्पना असते, आणि दुपारी चार वाजता दारात उभे राहून ते जो तगादा लावतात त्याने पुष्कळदा सिझेरियनचा निर्णय जवळ येतो. पाणमोट फुटून ऑक्सिटोसिन सुरू झाल्यावर, आई व बाळ ठीक असतील तर, निदान बारा ते अठरा तास गेल्याशिवाय प्रयत्न फसला असे ठरवू नये, असा प्रसूतिशास्त्राचा अलीकडचा दंडक आहे. तो भिंतीवर लावण्याजोगा आहे.

आणि संमतिपत्र. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती कायद्याने पुरी असता, तो कागद नवऱ्याच्या हाती, बहुधा इंग्रजीत, आणि कळा सुरू झाल्यावर दिला जातो. कोणत्या कारणासाठी कळा आणावयाच्या, कोणत्या औषधाने, थांबल्यास काय संभवते, आणि तोंड न उघडल्यास पुढे काय, एवढ्या चार गोष्टी मराठीत लिहून आदल्या दिवशी तिच्या हाती देता येतील. असा कागद छापण्यास कोणत्याही अधिष्ठात्याने हरकत घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तो छापलेला मात्र मी अद्याप पाहिलेला नाही.