'मी' कसा घडतो?

बसव म्हणजे नंदी आणि गुडी म्हणजे देऊळ. बंगळूर शहरातील बसवनगुडी या वस्तीला तेथील नंदीच्या देवळावरून हे नाव मिळाले. देवळाशेजारीच 'ब्यूगल रॉक' नावाचा खडकाळ उंचवटा आहे. त्या खडकाचे वय सुमारे तीनशे कोटी वर्षे मानले जाते. सकाळी फिरावयास आलेला वृद्ध त्यावर क्षणभर टेकतो. खडकाला आपल्या वयाची जाणीव नाही. वृद्धाला मात्र आपले बालपण आठवते आणि उद्याची काळजीही वाटते. 'मी आहे' ही जाणीव माणसात आली कोठून?

प्रश्न जुना आहे. ऋषींनी तो विचारला, संतांनीही विचारला. आज विज्ञानही तोच प्रश्न आपल्या पद्धतीने विचारत आहे. याच बसवनगुडीतील नॅशनल कॉलेजमध्ये डॉ. एच. नरसिंहय्या यांनी 1962 साली 'बंगलोर सायन्स फोरम' ही संस्था सुरू केली आणि विज्ञानावरील व्याख्याने सामान्य नागरिकांसाठी खुली केली. कोणतीही गोष्ट प्रश्न विचारल्याशिवाय स्वीकारू नये, असा त्यांचा आग्रह होता. मग 'मी' या कल्पनेलाच तो नियम का लावू नये?

माणसाचा मेंदू एकाएकी निर्माण झालेला नाही. राहते घर न सोडता पिढ्यान्‌पिढ्या खोल्या वाढवत न्याव्यात, तशी त्याची बांधणी झाली. श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळणारा मस्तिष्कस्तंभ माशांपासून माणसापर्यंत सर्व पृष्ठवंशीय प्राण्यांत आढळतो. माणूस आणि चिंपांझी यांच्या समान पूर्वजांपासून दोन शाखा फुटल्या, त्याला साधारण साठ-सत्तर लाख वर्षे झाली. त्यानंतर माणसाच्या शाखेत मेंदू वाढत गेला. आज तो चिंपांझीच्या मेंदूच्या सुमारे तिप्पट आहे. त्यात जवळजवळ 8,600 कोटी मज्जापेशी असतात. तो शरीराच्या वजनाच्या अवघा दोन टक्के असूनही विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा खर्च करतो.

नव्या खोल्या आल्या, म्हणून जुन्या ओस पडल्या नाहीत. अंधारात पडलेली दोरी पाहून माणूस दचकतो आणि मग ती दोरी असल्याचे त्याला कळते. भारतीय तत्त्वज्ञांनी हे उदाहरण भ्रम समजावण्यासाठी वापरले. मेंदूविज्ञानाला त्यात उत्क्रांतीचा ठसा दिसतो. धोक्याला चटकन उत्तर देणारी जुनी यंत्रणा आधी हलते. 'मी घाबरलो' असे म्हणणारा 'मी' मागाहून येतो.

हा 'मी' सर्वस्वी माणसाचाच, असेही नाही. आरशातील प्रतिबिंब आपलेच आहे हे चिंपांझी ओळखतात, असे 1970 मधील प्रयोगांत दिसले. 2006 मध्ये एका हत्तिणीनेही ते ओळखले. मानवी मूलदेखील ही ओळख जन्मतः घेऊन येत नाही. दीड-दोन वर्षांचे होईपर्यंत ती हळूहळू येते.

हे ऐकून काहींना वाईट वाटते. माणूस म्हणजे केवळ मांसाचा गोळा काय, असे ते विचारतात. बंगळूरमधीलच 'निम्हान्स' या संस्थेच्या मेंदूसंग्रहालयात जतन केलेला खरा मेंदू हातात घेऊन पाहता येतो. वजन दीड किलोहून कमी. पण एका माणसाची सारी माया, भांडणे आणि स्वप्ने कधी काळी त्याच्याच आधाराने नांदली. मज्जापेशींच्या हालचालींतून अनुभव कसा उमटतो, हे कोडे विज्ञानाला अजून पूर्ण उलगडलेले नाही. तेव्हा या ज्ञानाने माणूस लहान होत नाही. उलट, मुंगी, मासा आणि हत्ती यांच्याशी असलेले त्याचे नाते उघड होते आणि त्याचा अहंकार तेवढा कमी होतो.

या ज्ञानाचा आणखी एक अर्थ फार मोलाचा आहे. लिपी जेमतेम पाच-साडेपाच हजार वर्षांपूर्वीची. उत्क्रांतीच्या हिशेबात हा काळ क्षणाएवढा. त्यामुळे वाचनासाठी मेंदूत वेगळी खोली बांधलेली नाही. वाचायला शिकणारा माणूस रूपे व आकार ओळखणाऱ्या जुन्याच भागांना नवे काम लावतो. उत्तर प्रदेशातील निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकवून केलेले एक संशोधन 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. दृष्टीशी संबंधित मेंदूच्या खोल, प्राचीन भागांतील परस्परसंपर्कही शिकण्यामुळे बदलल्याचे त्यात आढळले. शिकणाऱ्यांत तिशीतल्या स्त्रिया अधिक होत्या.

"आता या वयात डोक्यात काय शिरणार?" असे म्हणून अनेक जण हातातले पुस्तक खाली ठेवतात. 'मी असाच आहे' हे वाक्य त्यांना निसर्गाचा निकाल वाटते. वास्तविक निसर्गाने असा निकाल दिलेलाच नाही. उत्क्रांतीने माणसाला घडलेला 'मी' दिला नाही, घडत राहणारा 'मी' दिला. खडकाचा आकार ऊन-पाऊस ठरवतात. माणसाला मात्र स्वतःच्या घडणीत थोडा तरी हात घालता येतो. ही संधी कोणी वय पाहून नाकारू नये, आणि कोणी स्वतःहून सोडूही नये.