फीत खरी, पराक्रम उसना

परवा कांजूरमार्गच्या माझ्या घरी एक विद्यार्थी आला आणि त्याने रुमालात गुंडाळलेली रंगीत फितींची पट्टी माझ्यापुढे ठेवली. सैनिक गणवेशावर पदकांऐवजी अशी पट्टी लावतात. त्याचे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. त्यांची पदके बिऱ्हाड बदलताना गहाळ झाली, म्हणून जुन्या बाजारातून 'त्याच काळची' पट्टी त्याने दीड हजार रुपयांना घेतली. ती अस्सल आहे काय, हे त्याला माझ्याकडून हवे होते. कारण हा छंद मी वीस वर्षे जोपासला आहे.

पट्टी खोटी होती आणि ते ओळखावयास भिंगाचीही गरज नव्हती. तिच्यावर बर्मा स्टार आणि पॅसिफिक स्टार ह्या दोन्हींच्या फिती होत्या. नियमाप्रमाणे एका माणसास त्यांपैकी एकच मिळे. दुसऱ्यावरही हक्क असल्यास पहिल्याच्याच फितीवर छोटे गुलाबचिन्ह लागे. तेव्हा अशी पट्टी कोणत्याही सैनिकाच्या छातीवर शोभली असणे शक्य नाही.

इतर कसोट्याही अवघड नाहीत. उन्हाने विटलेली फीत समोरून फिकट आणि मागून गडद असते. चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारी केलेली फीत दोन्ही बाजूंनी सारखीच मळकट दिसते. त्या काळची सुती फीत जळताना कागदासारखी राख होते, कृत्रिम धाग्याचा मात्र वितळून मणी बनतो. अतिनील दिव्याखाली आजचे धागे बहुधा चमकतात. पण जुनी फीतही आधुनिक पावडरीने धुतली असेल तर चमकते. म्हणून कोणत्याही एकाच कसोटीवर विसंबू नये.

वस्तुतः ह्या व्यवहारात कापड क्वचितच खोटे असते. सैनिकांची फीत झिजते, ती बदलावी लागते आणि तशी नवी फीत राजरोस मिळते. खोटी असते ती जुळणी, आणि तिच्याबरोबर विकली जाणारी कथा. पुष्कळ पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा व नाव कोरलेले असते. फितीवर काहीच नसते. म्हणूनच लबाडाला ती सोयीची.

जॉर्ज अकरलॉफ ह्या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी जे मांडले, ते येथेही तंतोतंत लागू पडते. खरे-खोटे गिऱ्हाइकाला कळत नसेल तर तो सरासरी भाव देतो. तो भाव न परवडणारा अस्सल मालाचा धनी बाजारातून निघून जातो आणि मागे राहतो तो हिणकस माल. 1980 च्या सुमारास चांदीचे भाव भडकले तेव्हा पहिल्या महायुद्धातील चांदीची कितीतरी पदके मुशीत गेली. धातूची किंमत नावाच्या किमतीहून अधिक ठरली!

परंतु त्या विद्यार्थ्याची कहाणी येथे संपत नाही. घरात काही कागद आहेत काय, असे मी विचारले. दुसऱ्या दिवशी त्याने पत्र्याच्या ट्रंकेतील पणजोबांचे डिस्चार्ज बुक आणले. त्यात मध्यपूर्व व इटली एवढ्याच नोंदी होत्या. बर्माचा उल्लेखही नव्हता. इटलीतच 1944 मध्ये यशवंत घाडगे आणि 1945 मध्ये नामदेव जाधव ह्या मराठा पलटणीच्या वीरांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, घाडगे ह्यांनी तर प्राण देऊन. त्याच रणभूमीवर आपला पणजोबा उभा होता, हे त्या मुलाला ठाऊकच नव्हते. इटली स्टारची लाल, पांढरी, हिरवी फीत शोधण्याऐवजी तो परक्याच कोणाची नव्हे, तर कोणाचीच नसलेली पट्टी घेऊन आला होता.

सैनिकांची घरे महाराष्ट्रात खेडोपाडी आहेत. त्यांनी जीर्ण कागद रद्दीत घालू नयेत. पदके आणि कागद एकत्र ठेवावेत. कागद नसतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा पलटणीच्या अभिलेख कार्यालयात विचारणा करावी. संग्राहकांनीही नाव आणि कागद ह्यांवाचून पराक्रमाची किंमत मोजू नये. तसे गिऱ्हाईक मिळेनासे झाले की लबाडाचा धंदा आपोआप बसेल.

ती खोटी पट्टी विद्यार्थ्याने माझ्याकडेच ठेवली. डिस्चार्ज बुक मात्र तो छातीशी धरून घरी घेऊन गेला.