बंद गीझर भिंतीवर ठेवू नका

गच्चीवर सोलर बसला, की बाथरूममधल्या गीझरचं बटण बंद होतं आणि गीझर तिथेच लटकत राहतो. पुण्या-नाशकात अशी घरं प्रत्येक सोसायटीत आहेत. ‘असू दे, पावसाळ्यात लागला तर’ म्हणता म्हणता वर्षं उलटतात. माझं म्हणणं सरळ आहे: गीझर वापरात ठेवा, नाहीतर उतरवून टाका.

बटण बंद केल्याने टाकी रिकामी होत नाही. 25 लिटरच्या गीझरमधलं 25 किलो पाणी गंजत चाललेल्या बोल्टवर तोललेलं असतं. बोअरचं पाणी असेल तर क्षार तळाशी बसतात, एलिमेंटवर थर चढतो. खरी काळजी सेफ्टी व्हॉल्व्हची. गीझरखाली, थंड पाण्याच्या पाइपवर बारीकशी तरफ असलेला व्हॉल्व्ह दिसतो ना, तो. 25 अंशांचं पाणी 75 अंशांपर्यंत तापलं, तर 25 लिटरमागे अर्ध्या लिटरहून जास्त फुगतं. ही वाढ आणि तिचा दाब या व्हॉल्व्हमधून बाहेर पडतो. त्याच्या तोंडावर पांढरा खर साचला की वाट बुजते. त्यात थर्मोस्टॅट अडकलेला आणि कटआउटही निकामी असेल, तर पाणी तापतच राहतं आणि टाकी फुटू शकते. आजीच्या बंबाला वरून वाट मोकळी होती. गीझर चहूबाजूंनी बंद असतो.

भाड्याच्या घरात तर हे फारच गंभीर आहे. नवा भाडेकरू, बहुतेक वेळा गावाहून शिकायला आलेली मुलं, पहिल्याच दिवशी सगळी बटणं दाबून पाहतात. गीझर किती वर्षं बंद आहे, हे त्यांना कोण सांगणार?

पुन्हा सुरू करायचाच असेल, तर आधी मेकॅनिककडून टाकी धुऊन घ्या, अर्थिंग तपासून घ्या आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवा बसवा. जुनाच घासूनपुसून लावू देऊ नका.

उतरवायचा असेल तर पाणी पूर्ण निवू द्या. एमसीबी खाली करा, इलेक्ट्रिशियनकडून वायर सोडवून घ्या. मग अँगल कॉक बंद करून गरम पाण्याचा नळ उघडा, म्हणजे आत हवा शिरेल, आणि खालून टाकी रिकामी करा. उतरवताना दोन माणसं हवीतच. उघड्या पाइपांना प्लग मारा. काही जण नुसतं पाणी काढतात आणि वायर तशीच ठेवतात. पुढे कुणी चुकून बटण दाबलं, तर एलिमेंट कोरडाच तापून जळतो. जुन्या गीझरचं पत्र्याचं आवरण घरी फोडू नका, आतली काचेची लोकर डोळ्यांत आणि घशात जाते.

घरमालकांनो, नव्या भाडेकरूच्या हाती किल्ली देण्याआधी एवढं करून घ्या. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनच्या एका फेरीचा खर्च आहे, आणि तो तुमचा आहे, भाडेकरूचा नव्हे.